अडकित्ता, खुरपे आणि भाता : संग्राहकाच्या सौंदर्यदृष्टीविषयी काही प्रश्न

वस्तू जुनी झाली की ती सुंदर दिसू लागते, हा अनुभव सर्वांचा नाही. ज्याच्या घरात ती रोज वापरली गेली, झिजली, तिने ज्याच्या हाताला घट्टे पाडले, त्याला ती जुनी झाल्यावर मोडीत घालण्याजोगी दिसते. ज्याच्या घरात ती कधी वापरलीच गेली नाही, त्याला ती भिंतीवर लावावीशी वाटते. या दोन नजरांमधले अंतर मराठी कलासमीक्षेने फारसे मोजलेले नाही. दलित साहित्यविचाराने शब्दांच्या सौंदर्याची उलटतपासणी केली. प्रतिमा कोणाच्या, प्रतीके कोणाची, पुराणकथा कोणाच्या बाजूने बोलतात, हे प्रश्न त्याने निर्भयपणे विचारले. वस्तूंच्या सौंदर्याबाबत मात्र हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. लोहाराने घडवलेली हत्यारे आणि ती जमवण्याचा शहरी छंद यांच्या निमित्ताने येथे ते विचारावयाचे आहेत.

१

पुण्यात हा विषय निघाला की पहिले नाव येते ते राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. बालवयातच गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतील सुमारे २,५०० मांडलेल्या असतात. दिवे, भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे, आणि ज्यांच्यासाठी हे संग्रहालय विशेष ओळखले जाते ते अडकित्ते.

केळकरांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. इतिहास म्हणजे तलवारी, सनदा आणि तैलचित्रे, असे मानले जाण्याच्या काळात हा माणूस घरातली रोजची वस्तू शोधत फिरला. त्याने उचलल्या नसत्या तर यांतल्या कितीतरी वस्तू मोडवाल्याच्या तराजूत जाऊन वितळल्या असत्या. तेव्हा हा लेख केळकरांविरुद्ध नाही. प्रश्न आहे तो संग्रह नावाच्या दृष्टीचा, आणि ती दृष्टी केळकरांच्या आधीही होती, नंतरही आहे.

केळकर कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. या टोपणनावापाशी मी नेहमी अडखळतो. ज्याला नाव आहे तो ते हौसेने बाजूला ठेवू शकतो. त्याचा अज्ञातवास स्वखुशीचा असतो आणि संपवताही येतो. ज्याने तो अडकित्ता घडवला, पितळी अंगात पोलादी पाते बसवले, दोन्ही पाय एका खिळीवर असे फिरते केले की सुपारीची कातळी कागदासारखी पातळ पडावी, त्याच्या अज्ञातवासाला कोणी टोपणनाव म्हणत नाही. तो कायमचा आहे. पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाने संपला होता.

संग्रहालयातली चिठ्ठी कोणत्याही शहरातली घ्या, तिची रीत साधारण एकच असते. वस्तूचे नाव, धातू, प्रदेश, शतक. क्वचित कोणा सरदार घराण्याचे नाव, म्हणजे वापरणाऱ्याचे. घडवणाऱ्याच्या जागी काहीही नसते, आणि ते नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हटले जाईल की नावे उपलब्धच नाहीत, तर लिहिणार काय? हा बचाव अपुरा आहे. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९७८ ते १९८० या काळात नागपूरजवळच्या नायकुंड येथे उत्खनन केले. तेथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. कोणाचेही नाव हाती नसताना भट्टीची बांधणी, वारा फुंकण्याची मातीची नळी आणि मळी यांवरून तेथे काम कसे चालत असेल हे अभ्यासकांनी मांडले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या श्रमाचा माग मळीवरून काढता येतो. मग ज्याचा नातू आजही जिवंत असेल, त्या शंभर वर्षांपूर्वीच्या लोहाराच्या कामाचा माग का काढता येऊ नये? नाव नसेल, पण काम आहे, जात आहे, मजुरी आहे. या गोष्टी वस्तूच्या बाहेरच्या मानल्या गेल्या म्हणून त्या नोंदल्या गेल्या नाहीत.

२

या मानण्यामागे एक सौंदर्यशास्त्र आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये सौंदर्य हे लयीत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी झालेल्या रचनेत शोधले. व्यवहारातील उपयोगापासून कलेचा अनुभव वेगळा काढणारी ही मांडणी मराठी समीक्षेवर दीर्घकाळ प्रभाव ठेवून होती. काचेच्या कपाटातला अडकित्ता या सिद्धांताला अगदी सोयीचा आहे. तो आता काही कातरत नाही. घोड्याच्या मानेचा बाक, मोराच्या पिसाऱ्याचे वळण, दोन्ही पायांचा समतोल, एवढेच उरते, आणि आपण त्याला शुद्ध आनंद म्हणतो.

पण लोहाराच्या हातात हे वळण कुठून येते ते पाहा. पुण्याहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला घिसाड्यांची पाले दिसतात. हे फिरते लोहार, महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणलेले. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, मातीत रोवलेली ऐरण, आणि कच्चा माल म्हणून मोडीतून आणलेले मालमोटारीचे कमानपाटे. पुरुष सांडशीत तापलेला तुकडा धरून बसतो आणि समोर उभी राहून बाई घण घालते. तो तुकडा किंचित फिरवतो, हातोडीने जागा दाखवतो, ती त्याच जागी घण आणते. घाव चुकला तर तुकडा वाया जातो, किंवा बोट. त्या दोघांत जी लय असते तिला संवाद, विरोध आणि समतोल हे तीनही शब्द लागू पडतात. फरक एवढाच की ही लय चुकली तर संध्याकाळी चूल पेटत नाही.

मग पाणी पाजणे. धार तयार झाली की पाते पुन्हा तापवायचे आणि नेमक्या रंगावर पाण्यात घालायचे. रंग अधिक चढला तर धार कडक होऊन दगडाला लागताच तिचा कपचा उडतो. कमी पडला तर धार मऊ राहते, वळते. हा रंग डोळ्यांनीच ओळखायचा, म्हणून लोहार भर उन्हात न बसता सावलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात भट्टी मांडतो. विळ्याला जो बाक असतो तो पिकाच्या ताटाला मिठी मारून ओढण्यासाठी असतो. खुरप्याचे पाते मुठीपासून वळवलेले असते, कारण उकिडव्या बसलेल्या बाईचे मनगट दिवसभर एकाच कोनात राहिले पाहिजे. म्हणजे ज्याला आपण आकाराचे सौंदर्य म्हणतो तो श्रम करणाऱ्या शरीराचा ठसा असतो. उपयोग वजा केला की हा ठसा वाचता येत नाही. उरते ती नुसती नक्षी.

आणि म्हणूनच संग्रहात अडकित्ते भरपूर आणि खुरपी थोडी, हा योगायोग नाही. अडकित्ता बैठकीत चालतो, लोडाला टेकून. खुरपे पाठीच्या कण्यावर चालते. संग्राहकाची आवड निवड करते आणि ती निवड अखेर वर्गाची आणि जातीची असते.

अलीकडे ही आवड संग्रहालयाबाहेर आली आहे. शहराबाहेरच्या एका हॉटेलात मी भिंतीवर टांगलेला नांगर, कुळव, बैलगाडीचे चाक आणि ओळीने लावलेले विळे पाहिले. त्यांना काळे तेल लावून चकाकी आणली होती. खाली बसून आपण पिठले-भाकरी शहरी दराने खात होतो. त्याच काळात, २०२२-२३ मध्ये, पुण्याच्या वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रोज छापून येत होता आणि कोयते विकणाऱ्यांवर पोलिसांची नजर होती. आणि तोच कोयता घेऊन मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत 'एक कोयता' म्हणजे एक नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. एकच हत्यार भिंतीवर शोभा आहे, वस्तीत गुन्हा आहे आणि उसाच्या फडात माणसाचे माप आहे. जो समीक्षक यांतला फक्त पहिला अर्थ वाचतो त्याला अर्धवट वाचक म्हणावे लागते.

३

आता जातीकडे येऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथापासून बलुतेदारीची चर्चा मराठीत होत आली आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी लावल्या जात. याद्या गावागावांत बदलत, तरी सुतार, लोहार आणि महार ही नावे बहुधा थोरल्या ओळीत येतात, कारण त्यांच्याकडून गावाला अधिक काम लागे. म्हणजे खळ्यावर धान्याचा वाटा मोजताना लोहार आणि महार एका ओळीत. पाणवठ्यावर आणि पंगतीत मात्र ही ओळ मोडत असे. धान्याच्या मापाला जे कळले ते माणसांना कळू दिले गेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, तीही एकावर एक रचलेली. लोहाराची भट्टी हे त्याचे जवळचे उदाहरण आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. माझा आजा सांगत असे की लोहाराकडे विळा शेवटायला नेला की तो त्याच्या हातात द्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर ठेवायचा. लोहार तो सांडशीने उचलायचा आणि थेट विस्तवात घालायचा. विस्तवातून निघाला की विळा शुद्ध. परत देताना पुन्हा जमिनीवर. पण त्या विस्तवाला वारा कोण देत होता? भाता. भाता कातड्याचा. गावात मेलेले जनावर ओढून सोलणारा माझा आजा, ते कातडे कमावणारा ढोर, ते शिवणारा चांभार, आणि त्या चामड्याच्या पोटातून निघालेल्या वाऱ्यावर लोहाराची आग फुलायची. आजा हसून म्हणायचा, "इळा इटाळायचा, भाता न्हाई इटाळायचा."

या एका वाक्यात जेवढी समीक्षा आहे तेवढी मला अनेक ग्रंथांत सापडलेली नाही. म्हणून मला संग्रहालयात भाता पाहायचा असतो. हिंदू समाजाने कशाला शिवायचे आणि कोणाला नाही याचे जे गणित मांडले, त्यातला खोटेपणा जितका भात्यात उघडा पडतो तितका कोरीव दरवाजात पडत नाही. पण भाता फाटतो, कुजतो, त्याला वास येतो. जे टिकते आणि चकाकते ते जमवले जाते. जे श्वास देते ते जात राहते. पुढे खेड्यांतून भात्याच्या जागी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला आणि ही साखळी वस्तूतूनही पुसली गेली.

लोहारही या व्यवस्थेचा बळी होता हे येथे विसरून चालणार नाही. वर्षभर घण मारायचा आणि सुगीला खळ्यावर पेंढ्यांसाठी उभे राहायचे. त्याच्या कौशल्याला किंमत नव्हती, रिवाज होता. त्याचा मुलगा लोहारच होणार हे ठरलेले. पण बळी असूनही त्याने आपल्याखालच्या माणसाचा विळा सांडशीने उचलला. श्रेणीबद्ध विषमतेचे हेच तर वैशिष्ट्य आहे. प्रत्येकाला कोणाला तरी दूर ठेवण्याची सोय तिने करून दिली.

४

मराठी ललितकृतींनी या लोहाराचे काय केले? भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) हा चित्रपट सर्वांना आठवतो, कारण त्यातले ऐरणीला देव मानणारे, जगदीश खेबुडकरांनी लिहिलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले गाणे अजून घरोघर ऐकू येते. गाणे गोड आहे यात शंका नाही. मीही ते गुणगुणतो. पण त्यात भट्टी देव्हारा होते, ठिणगी फूल होते, आणि कष्ट हे समाधान होते. कष्टकऱ्याने आपल्या हत्याराची पूजा करीत सुखी राहावे, ही पांढरपेशा प्रेक्षकाची जुनी इच्छा आहे. हत्यारावर प्रेम असू शकते हे मी नाकारत नाही. मात्र त्या प्रेमाला मजुरीचा हिशोब जोडला नाही की त्याची आरती होते.

दुसऱ्या बाजूने आपलेही परीक्षण केले पाहिजे. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) ने त्या शब्दातला अपमान उभ्या महाराष्ट्रासमोर मांडला. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा' (१९८०) ने पालातले जगणे साहित्यात आणले. ही कामगिरी ऐतिहासिक आहे. परंतु आपल्या आत्मकथनांत हत्यार येते ते बहुधा लाचारीची खूण म्हणून. टोपले, झाडू, रापी, सुरी. ते तसे येणे स्वाभाविक होते. ज्या सुरीने मेलेले ढोर सोलावे लागले तिचे कौतुक कोणी कसे करावे? १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला आणि पुढे गावोगावच्या वस्त्यांनी ढोरे ओढणे नाकारले, तेव्हा त्या सुऱ्या टाकल्या गेल्या आणि टाकल्या गेल्या हेच योग्य झाले. तो नकार हा आपल्या स्वातंत्र्याचा पहिला पुरावा आहे.

मात्र सुरी टाकताना हातातले ज्ञानही अडाणीपणाच्या खात्यात गेले. कातडे कुठे जाड, कुठे पातळ, मीठ किती, सावली किती, हे सारे माहीत असणारा माणूस स्वतःला 'मला काय येतंय' म्हणत मेला. व्यवस्थेने श्रमाला घाण ठरवले, आणि श्रमातून सुटताना आपणही नकळत तो निवाडा काही अंशी स्वीकारला. मोठ्या अडचणीची जागा मला ही वाटते.

५

ही अडचण माझ्या घरात एका खुरप्यावरून उभी राहिली. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक खुरपे दीडशे रुपयांना आणले. लाकडी मूठ काळी पडलेली, पाते झिजून निम्मे झालेले. घरी आणून पुस्तकांच्या कपाटात, फुले-आंबेडकरांच्या खंडांशेजारी मांडले. मला ते अर्थपूर्ण वाटले होते. आई गावाहून आली. तिने ते पाहिले आणि विचारले, "हे हितं कशाला ठिवलंय?" मी काहीतरी उत्तर दिले. ती म्हणाली, "हे टाकता यावं म्हणून तर तुला शिकिवलं."

मी गप्प बसलो. तिच्या रोजंदारीवर मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करून तिची बोटे वाकडी झाली आहेत, ती आता पुरती सरळ होत नाहीत. आणि मी तिच्या बोटांऐवजी खुरपे कपाटात लावले होते. भिंतीवर नांगर टांगणाऱ्या हॉटेलवाल्यावर मी रागावलो होतो, त्याच्यात आणि माझ्यात नेमका फरक काय?

थोड्या वेळाने तिनेच ते खाली काढले. अंगठा पात्यावरून फिरवला. म्हणाली, "याचं पाणी उतरलंय. कुणीतरी चुलीत घातलं असंल." मग मूठ उजव्या हातात धरून पाहिली, नंतर डाव्या. "डावरी हुती ही बाई. बघ, पातं कुठल्या अंगानं खाल्लंय." आणि थोडे थांबून, "काळ्या रानात न्हाई झिजत एवढं. मुरमाड रान हुतं तिचं."

दीडशे रुपयांत मी जे आणले होते ते मला पहिल्यांदा तेव्हा दिसले. मुरमाड रानात डाव्या हाताने खुरपणारी एक बाई. जगातल्या कोणत्याही चिठ्ठीवर ती नव्हती आणि माझ्या आईने तिला दोन मिनिटांत वाचून काढले. ती वाचू शकली, कारण तिला ते काम येते. जे टाकता यावे म्हणून तिने मला शिकवले तेच तिचे शास्त्र होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि यांतली एक सोडून दुसरी धरणारे कोणतेही सौंदर्यशास्त्र मला अपुरे वाटते.

६

मग हत्यारे जमवूच नयेत काय? जमवावीत. पण कशी जमवावीत याचा एक नमुना पुण्यातच आहे. महात्मा फुले पेठेत, जुन्या गंज पेठेत, जोतीराव फुल्यांच्या वाड्यात पाण्याचा हौद आहे. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला. हौद म्हणून त्यात पाहण्यासारखे काय आहे? कोरीव काम नाही, शतकाचे कौतुक नाही. तरी माणसे तेथे थांबतात, कारण तो कोणी खुला केला, कोणासाठी केला आणि तोवर कोण पाण्यापासून दूर होते, हे त्या हौदासोबत जपले गेले आहे. संबंध काढून घेतले तर तो दगडाचा खड्डा आहे. संबंधासह तो महाराष्ट्राच्या इतिहासातला एक निर्णय आहे.

लोहाराच्या हत्यारांची चिठ्ठी अशी लिहिता आली पाहिजे. हे कोणी घडवले, तो कोणत्या जातीचा, घण कोणी मारला, भात्याचे कातडे कोणाचे, बदल्यात काय मिळाले, हे कोणाच्या हातात गेले आणि कोणाच्या हातात द्यायचे नाकारले गेले. हे विचारण्याइतकी माणसे अजून जिवंत आहेत. आपल्या महाविद्यालयांत बलुतेदारांच्या, घिसाड्यांच्या, शेतमजुरांच्या घरांतून आलेली मुले-मुली बसतात. दरवर्षी प्रकल्प म्हणून ती कुठूनतरी उतरवून आणलेली पाने देतात आणि आपण त्यांवर सही करतो. त्यांना आपल्याच घरातले एक हत्यार घेऊन, ते वापरणाऱ्याशेजारी बसून दहा पाने लिहायला सांगितली तर? मी यंदा सांगून पाहणार आहे. काही मुले लाजतील, कारण वर्गात जात उघडी पडेल. ती भीती खोटी नाही आणि तिच्यावर जबरदस्तीने मात करू नये. ज्यांना लिहायचे त्यांनी लिहावे.

खुरपे आता कपाटात नाही. आईने ते जाताना बरोबर नेले. लोहाराकडून पाणी पाजून घेते म्हणाली, परसात मेथी लावली आहे, तिला होईल. गावात लोहार आता एकच उरला आहे, त्याचा मुलगा चाकणला कारखान्यात जातो. तो लोहार आता आईच्या हातातून खुरपे घेतो की खाली ठेवायला सांगतो, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. पुढच्या वेळी विचारीन आणि लिहून ठेवीन.